हात न टेकता उठायचं: खुर्चीसोबतचे बारा आठवडे

"आम्ही रोज चालतो की!"

ज्येष्ठांसाठीच्या तोल आणि ताकदीच्या वर्गाची नवी तुकडी सुरू झाली की पहिल्या पाच मिनिटांत हे वाक्य येतंच. बागेला चार फेऱ्या होतात, येताना दूध आणि भाजी आणली जाते, मोबाईलवर पावलांचा आकडाही दाखवला जातो. मग आम्ही भिंतीला पाठ लावून एक खुर्ची ठेवतो आणि सांगतो, हातांची छातीवर फुली करा आणि उठा. रोज तासभर चालणाऱ्यांतलेही काहीजण पहिल्या प्रयत्नात उठत नाहीत. दुसऱ्या प्रयत्नात हात नकळत मांडीवर येतात. चेहरा जरा पडतो, पण वर्गाची खरी सुरुवात तिथूनच होते.

कारण साधं आहे. सपाट रस्त्यावर चालताना गुडघा थोडासाच वाकतो. खुर्चीतून, कमोडवरून, रिक्षातून उठताना तो काटकोनात वाकलेला असतो आणि अंगाचं सगळं वजन सरळ वर न्यायचं असतं. स्नायूला ज्या कामाची सवय, तेवढ्यापुरताच तो तयार राहतो. त्यात वयाबरोबर आधी कमी होतात ते झटपट आकसणारे तंतू. ठेच लागल्यावर दुसरं पाऊल चटकन पुढे टाकून सावरायचं काम त्यांचंच. चालणं हृदयाला, साखरेला, झोपेला उत्तम आहे, ते सोडायचं नाहीच. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली दिलेल्या सूचनांत पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम हालचालीखेरीज किमान दोन दिवस ताकदीचे आणि किमान तीन दिवस तोलाचे व्यायाम वेगळे सांगितले आहेत. हा दुसरा भाग आपल्याकडे सर्रास गळतो. उलट तोल डळमळीत असताना नुसतं चालणं वाढवलं तर पडायच्या संधीच वाढतात.

आमचा आराखडा न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात बसवलेल्या कार्यक्रमावर आधारलेला आहे. आठवड्यातून तीन दिवस अर्धा अर्धा तास पायांची ताकद आणि तोल, मधले दिवस चालणं. ऐंशीच्या पुढच्या माणसांनाही तो घरच्या घरी झेपावा असाच बेतलेला होता, म्हणून "आता या वयात काय होणार" हे आम्ही मनावर घेत नाही.

पहिला दिवस मोजमापाचा. खुर्ची साधारण ४३ सेंटीमीटर उंच, कडक बैठकीची, बिनहातांची. अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजायचं. एकदाही हात टेकला तर गुण शून्य, इथे दयामाया नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या तक्त्यानुसार ६५ ते ६९ वयाच्या पुरुषाचे १२ पेक्षा आणि बाईचे ११ पेक्षा कमी भरले तर पाय सरासरीपेक्षा कमजोर. ७५ ते ७९ ला हेच आकडे ११ आणि १०, ८० ते ८४ ला १० आणि ९. तक्ता तिकडच्या माणसांवरचा आहे, त्यामुळे एखाद्या आकड्यावरून रडत बसू नये. आपला आजचा आकडा आणि बारा आठवड्यांनंतरचा, एवढीच तुलना खरी. दुसरी चाचणी: खुर्चीतून उठून तीन मीटर नेहमीच्या चालीनं जायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर सावध. इथे वेळेइतकंच वळणं पाहण्यासारखं असतं. तोल चांगला असलेला माणूस दोन-तीन पावलांत वळतो, भीती असलेला जागच्या जागी सहा-सात बारीक पावलं टाकतो. तिसरी चाचणी उभं राहण्याची. आधी पावलं जुळवून, मग एक अर्धं पुढे, मग टाचेला अंगठा लावून एका रेषेत, शेवटी एका पायावर, प्रत्येकी दहा सेकंद. टाचेला अंगठा लावून दहा सेकंद जमत नसतील तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं धरायचं. या वेळी एकजण शेजारी उभा असलाच पाहिजे, हात न लावता, पण हाताच्या अंतरावर.

चौथी गोष्ट रक्तदाबाची, आणि ती घरोघरी राहून जाते. यंत्र असतं, पण मोजतात बसूनच. पाच मिनिटं आडवं पडून एकदा, मग उभं राहून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला तर अंथरुणातून उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती का, याचं उत्तर मिळालं. रात्री लघवीला उठताना पडणाऱ्यांची गोष्ट बरेचदा एवढीच असते. अशांनी कडेला बसून, पाय खाली सोडून, घोटे वीस-तीस वेळा वरखाली करून मगच उठायचं. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण पोटऱ्यांत साचलेलं रक्त वर ढकलायचा तोच पंप आहे.

पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना गोळ्यांची पिशवी घेऊन बोलावतो. यादी नको, पिशवीच, कारण यादीत न लिहिलेलं तिच्यात सापडतं: शेजारणीनं दिलेली झोपेची गोळी, सर्दीवरची सुस्ती आणणारी गोळी, दोन वेगळ्या डॉक्टरांनी वेगळ्या नावानं लिहिलेलं एकच औषध. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या उभं राहिल्यावर दाब उतरवू शकतात. लघवीची गोळी संध्याकाळी घेतली जात असेल तर रात्रभर फेऱ्या. ती सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारायचं. आपण काहीही बंद करायचं नाही, झोपेची गोळी तर अजिबात एकदम नाही, कारण ती एकाएकी तोडली की वेगळंच संकट उभं राहतं. पिशवी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जायचं आणि विचारायचं, "यातलं काय कमी करता येईल?" हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, म्हणून पिशवी फुगत जाते.

त्याच पिशवीत मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि रोजची ॲसिडिटीची कॅप्सूल एकत्र दिसली, आणि माणूस शाकाहारी असला, तर बी-१२ तपासून घ्यायला सांगतो. ही दोन्ही औषधं वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं. मग तळव्यांना मुंग्या येतात, जमीन नीट कळत नाही. मधुमेहानं नसा बधिर झालेल्यांचंही तेच. याची घरगुती खूण म्हणजे बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झोक जातो. पायांकडून येणारी खबर कमी झालेली असते, तोल डोळ्यांवर चाललेला असतो आणि डोळे मिटले की तोही आधार जातो. अशांनी तोंड बसूनच धुवावं आणि आंघोळीला स्टूल घ्यावं. डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल ही आठवड्याला एक, आणि ठरलेले आठवडेच. ती वर्षभर चालू ठेवणारे भेटतात, रोज घेणारेही भेटले आहेत. ते चुकीचं आहे आणि धोक्याचंही.

आता खुर्ची. वर्गाचा अर्धा वेळ तिच्यातच जातो.

बहुतेकांची चूक एकच असते. पाय पुढे पसरलेले ठेवून, पाठ ताठ ठेवून, सरळ वर उठायला जातात. ते शक्यच नाही, कारण अंगाचं वजन मागे बैठकीवर आणि पावलं पुढे असतात. म्हणून क्रम असा: बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत सरका. टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, पावलांत खांद्यांएवढं अंतर. कमरेतून पुढे झुका, नाक पायाच्या अंगठ्यांच्या वर येईपर्यंत. मग टाचांनी जमीन ढकला. उठताना श्वास सोडा, दम रोखून जोर लावला की दाब उसळतो. बसताना तीन आकडे मोजत हळू खाली या. धपकन बसणं ही दुसरी मोठी चूक. खाली येतानाच मांडीचा स्नायू ताणत काम करत असतो, निम्मा फायदा तिथे आहे. शिवाय ठिसूळ मणक्यांना तो धपका सोसत नाही. तिसरी चूक, गुडघे आत एकमेकांकडे पडणं. त्यासाठी दोन गुडघ्यांभोवती ओढणी सैल बांधायची आणि उठताना ती ताणलेली ठेवायची.

ज्यांना उठताच येत नाही त्यांनी बैठकीवर घट्ट उशी घ्यावी, म्हणजे उंची दहा सेंटीमीटर वाढते आणि काम सोपं होतं. पहिले दोन आठवडे हातांची खुर्ची घेऊन, उशीवरून, हात तिच्या हातांवर टेकवून, आठ वेळा, दोन मिनिटं विसावा, पुन्हा आठ. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हात मांड्यांवर. पाचव्यात हात छातीवर, उशी तशीच. सातव्यापासून उशी काढायची. आकडा वाढवत वीस-पंचवीसवर नेण्यापेक्षा पायरी अवघड करायची, कारण ताकद ओझ्यानं वाढते. दहा-बारा वेळा आरामात होऊ लागलं आणि शेवटचे दोनही जड वाटले नाहीत, की पुढची पायरी. नवव्या आठवड्यात काहीजण छातीशी दोन किलो तांदळाची पिशवी धरून उठतात. मध्ये एक दिवस विश्रांती हवीच.

प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत लादीवर मागे सरकते आणि माणूस खाली बसतो तो थेट जमिनीवर. म्हणून खुर्ची कायम भिंतीला टेकवून. चाकांची खुर्ची, सोफा, पलंग चालत नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात तक्रारी येतात, त्या यायलाच हव्यात. दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील आणि दोन दिवसांत ओसरत असतील तर ठीक. गुडघ्याच्या सांध्यात टोचतंय, सूज आली, दुखणं दुसऱ्या दिवशीही तितकंच आहे, तर एक पायरी मागे, बैठक आणखी उंच. गुडघे झिजलेत म्हणून व्यायाम बंद, हा सल्ला घरात सगळेच देतात आणि तोच नडतो. मांडी कमजोर झाली की गुडघ्यावरचा भार वाढतो. छातीत दाब, डाव्या हातात कळ, बोलता येणार नाही इतकी धाप, भोवळ, यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबून डॉक्टर. अलीकडे हृदयाचा झटका, शस्त्रक्रिया किंवा हाड मोडलेलं असेल तर सुरुवातीलाच त्यांची परवानगी. खुबा बदललेल्यांनी खालची बैठक त्यांच्या सर्जनला विचारूनच.

बाकीचे व्यायाम ओट्याला धरून होतात. टाचा उचलून चवड्यांवर, दहा वेळा. मग चवडे उचलून टाचांवर. हा दुसरा कंटाळवाणा वाटतो, पण पाऊल उचलताना बोटं घासून उंबरठ्याला अडखळणं यानंच कमी होतं. पाय बाजूला उचलायचा, तेव्हा धड दुसऱ्या बाजूला कलू द्यायचं नाही. कललं की खुब्याच्या स्नायूऐवजी कंबर काम करते. पुढे घोट्याला वजन: बाजारचा पट्टा एक किलोचा घ्या, नाहीतर अर्धा किलो वाळू जुन्या मोज्यात भरून गाठ मारा. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत टाचेला अंगठा लावून उभं राहणं हा आमच्या वर्गातल्या बायकांनी स्वतःच काढलेला हिशोब, तो आम्ही सगळ्या तुकड्यांना सांगतो. ओट्याला आधी दोन्ही हात, मग एक, मग एकच बोट, मग नुसता हात वर तरंगता. तोल सुधारायचा तर थोडं डळमळायला हवंच. अगदी स्थिर उभे असाल तर व्यायाम फार सोपा झालाय.

योगाच्या वर्गाला जाणाऱ्यांना एक सूचना. हाडं ठिसूळ असल्याचा अहवाल असेल किंवा उंची दोन-चार सेंटीमीटरनं कमी झाली असेल, तर पाठ गोल करून पायाची बोटं धरणारी आसनं टाळा. मणक्याची पुढची बाजू दबून मोडते ती अशाच झुकण्यात. ताडासन, वृक्षासन भिंतीजवळ खुशाल करा.

चौथ्या आठवड्याच्या सुमारास काहींचा आकडा हलत नाही, तेव्हा आम्ही ताटाकडे वळतो. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी पोळी-भाजी, रात्री पातळ वरणाचा भात. यात स्नायूला लागणारं प्रथिन जेमतेम निम्मं असतं. वयस्कांना दर किलो वजनामागे साधारण एक ग्रॅम हवं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ग्रॅम. दूध दोन पेले (२०० मिली प्रत्येकी) १३, कोरडी ३० ग्रॅम डाळ ७, तितकीच मटकी किंवा हुलगे ७, चार पोळ्या १२, वाटीभर दही ४, मूठभर शेंगदाणे ५. बेरीज ४८. उरलेले दोन अंड्यांनी किंवा साठेक ग्रॅम पनीरनं भरतात. वरण घट्ट करणं आणि नाश्त्याला बिस्किटाऐवजी मुगाचं धिरडं, एवढ्यानंही बराच फरक पडतो. कवळी सैल असेल तर माणूस उसळ टाळतो आणि तसं सांगतही नाही, म्हणून दातांबद्दल विचारावं लागतं. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र हा हिशोब परस्पर लावू नये.

उपवासाचा दिवस वेगळा. साबुदाण्यात प्रथिन जवळपास नाहीच, जे आहे ते दाण्याच्या कुटाचं. पण खरा घोळ मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा. ती नेहमीसारखी घेतली आणि जेवण टळलं की साखर उतरते, घाम फुटतो, पाय लटपटतात. एकादशी-चतुर्थी धरणाऱ्यांनी त्या दिवसाच्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावं.

घराची पाहणी आम्ही मुद्दाम रात्री करायला सांगतो, दिवे बंद करून, पलंगापासून संडासापर्यंत. दिवसा कुणालाच काही दिसत नाही. वाटेत पायपुसणं असतं, ज्याची एक कड वळलेली असते. चार्जरची वायर असते. न्हाणीघराचा दीड-दोन इंचांचा उंबरठा असतो, तो कडेला पिवळ्या पट्टीनं रंगवा. रात्रभर जळणारा छोटा दिवा पलंगाच्या उंचीच्या खाली लावा, म्हणजे डोळ्यांवर न येता जमीन उजळते. न्हाणीघराच्या दाराची आतली कडी काढून बाहेरूनही उघडेल अशी बसवा. आत माणूस दाराला टेकून पडला तर आत उघडणारं दार हलत नाही, म्हणून जमल्यास दार बाहेर उघडणारं करून घ्या.

कमोडशेजारच्या दांडीबद्दल दोन शब्द जास्त. टॉवेलची दांडी ही आधाराची दांडी नव्हे, ती भार पडताच टाईलसकट हातात येते. स्टीलची, बोटं सहज वळतील इतकी जाड, ओल्या हातातून निसटू नये अशी खरखरीत घ्या. उंची ठरवायला त्या माणसालाच कमोडवर बसवा आणि हात नैसर्गिकपणे कुठे जातो तिथे खूण करा. नव्या इमारतींत हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या एएसी ठोकळ्यांच्या भिंती असतात, तिथे साधा प्लास्टिकचा प्लग काही महिन्यांत सैल होतो. रसायन भरून बसवायचा अँकर वापरायला मिस्त्रीला सांगा. आणि दांडी बसवल्यावर आधी घरातल्या सगळ्यात वजनदार माणसानं तिला लोंबकळून पाहावं.

पावसाळ्यात जिन्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळ आणि दारातली ठिबकणारी छत्री, हे ठरलेले शत्रू. पट्टा नसलेली, तळ झिजलेली रबरी चप्पल घरातही नको. टाचेला पट्टा असलेली, पातळ पण न घसरणाऱ्या तळाची घ्या. फार जाड मऊ तळाचे बूट तोल बिघडवतात, पायाखालचं कळत नाही. दिवाळीत अभ्यंगाचं तेल तळव्यांना शेवटी लावावं आणि स्टुलावर बसल्या बसल्याच पाय उटण्यानं धुवून मगच उठावं. तेलकट तळवे आणि ओली लादी एकत्र येऊ देऊ नयेत. दुहेरी भिंगाच्या चष्म्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो, त्यातून जिना उतरताना पायरी पुसट दिसते. बाहेर फिरायला फक्त दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा असावा.

अकराव्या आठवड्यात सगळ्यांना जमिनीवर बसवतो आणि उठायला शिकवतो. हा भाग लोकांना सगळ्यात नकोसा असतो, कारण पुष्कळांनी गेली दहा वर्षं जमिनीशी संबंधच तोडलेला असतो. सतरंजी अंथरतो, शेजारी खुर्ची. पडल्यावर पहिलं काम म्हणजे काही न करणं, मिनिटभर पडून राहून कुठे दुखतंय ते बघणं. खुब्यात कळ असेल किंवा एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल तर उठायचं नाही, कुणी उठवायचंही नाही, १०८ ला फोन. नाहीतर कुशीवर वळा, कोपरावर या, मग हातांवर, रांगत खुर्चीपर्यंत जा. दोन्ही हात बैठकीवर, चांगला पाय पुढे घेऊन तळवा टेकवा, ढकला, आणि वळून खुर्चीत बसा. लगेच उभं राहायचं नाही. काखेत हात घालून ओढून उचलणारी मुलं-सुना स्वतःची पाठ आणि समोरच्याचा खांदा दोन्ही दुखावतात. त्यांनी खुर्ची आणून द्यावी आणि क्रम सांगावा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बरं वाटत असलं तरी दवाखाना. मेंदूभोवती हळूहळू साचणारं रक्त काही आठवड्यांनंतरही त्रास देऊ शकतं. नव्यानं सुरू झालेली डोकेदुखी, गुंगी, चालीतला बदल म्हाताऱ्या माणसाच्या नेहमीच्या कुरबुरींत ढकलू नये.

बाराव्या आठवड्यात पुन्हा तीच मोजणी, तीच खुर्ची, शक्यतो दिवसाची तीच वेळ. कुणाचा आकडा दोन-तीननं वाढतो, कुणी शून्यावरून पाचवर येतो. ज्यांचा वाढत नाही त्यांच्या वहीत बहुतेकदा उशी दहाव्या आठवड्यातही तशीच असते, म्हणजे पायरी चढवलेलीच नसते. क्वचित थायरॉइड, रक्त कमी असणं, पार्किन्सनची सुरुवात अशी कारणं निघतात. चालताना एकच हात हलत नसेल तर तपासणीला पाठवतो.

वर्ग संपला की गळती सुरू होते, आणि ती सणासुदीला होते. गणपतीत पाहुणे आले, लग्नाला गावाला गेलो, व्हायरल ताप आला. तीन-चार आठवडे सुटले की पुन्हा जिथे सोडलं तिथून सुरू करायला जातात, गुडघा दुखावतात आणि कायमचं सोडतात. त्याऐवजी दोन-तीन पायऱ्या मागे यायचं. तांदळाची पिशवी बाजूला ठेवायची, उशी पुन्हा खुर्चीवर घ्यायची, हात मांड्यांवर, आठ वेळा, दोन मिनिटं विसावा, पुन्हा आठ.